अध्यक्षांपर्यंत न पोचलेलं पत्र

1969 सालची गोष्ट. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, प्योंगह्वा बाजार नावाची तीन मजली इमारत होती, अजूनही आहे. प्योंगह्वा म्हणजे शांतता. खाली तयार कपड्यांची दुकानं, वर शिलाईचे कारखाने. जागा वाचवायला मालकांनी खोलीच्या मध्ये लाकडी माळा ठोकून एका मजल्याचे दोन केले होते. त्या माळ्यावर मोठं माणूस ताठ उभं राहू शकत नसे. ट्यूबलाइटच्या उजेडात तेरा-चौदा वर्षांच्या मुली दिवसाला चौदा-पंधरा तास धागे तोडत, काज-बटण करत, इस्त्री फिरवत. हवा यायला वाव नाही, कापडाचा बारीक धुरळा नाकातोंडात. माल निघायची घाई असली की जागं राहायच्या गोळ्या. महिन्यातून दोन रविवार सुट्टी. या मुलींना नावानं हाक मारायची पद्धतही नव्हती. 'तीन नंबरची शिलाईवाली', 'सात नंबरची हेल्पर', एवढीच ओळख.

तिथे चॉन ते-इल नावाचा एक कटिंग मास्तर होता, वय एकवीस. शाळा अर्धवट सुटलेली. उपाशी हेल्पर मुलींना तो आपल्या बसभाड्याच्या पैशांतून खायला घेऊन देई आणि रात्री मैलोन्‌मैल चालत घरी जाई. देशात कामगार कायदा आहे हे त्याला वडिलांकडून कळलं. त्यानं कायद्याचं पुस्तक मिळवलं, तर ते चिनी लिपीतल्या शब्दांनी भरलेलं. कॉलेजात शिकणारा एखादा मित्र असता तर त्यानं समजावून सांगितलं असतं, असं तो म्हणे. त्यानं कामगारांकडून प्रश्नावली भरून घेतली, सरकारी कचेऱ्यांत खेटे घातले, आणि थेट राष्ट्राध्यक्षांच्या नावानं एक पत्र लिहिलं. कामाचे तास दहा ते बारावर आणा. दर रविवारी सुट्टी द्या. हेल्पर मुलींची मजुरी निदान दीडपट करा. एवढंच मागणं. 1953 सालच्या त्या कायद्यात दिवसाला आठ तास लिहिले होते. हा मुलगा बारावर राजी होता.

पत्र अध्यक्षांपर्यंत पोचलं नाही. 13 नोव्हेंबर 1970 ला चॉन ते-इलनं बाजारासमोर अंगावर पेट्रोल ओतून घेतलं. 'आम्ही यंत्रं नाही', 'कायदा पाळा' असं ओरडत, ते कायद्याचं पुस्तक हातात धरून तो जळाला. वय वर्षं बावीस.

ज्यांच्या नावानं ते पत्र होतं ते अध्यक्ष म्हणजे मेजर जनरल पदावरून सत्ता हाती घेतलेले पार्क चुंग-ही.

पार्कबद्दल आज मराठीत लिहायला कारण आहे. 'या देशाला मिल्ट्रीच पाहिजे, सहा महिन्यांत सगळे सरळ येतील,' हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीत ऐकलंय, रेल्वेच्या डब्यात ऐकलंय, सोसायटीच्या मीटिंगमध्ये ऐकलंय. बोलणारी माणसं वाईट नसतात. खड्ड्यांना, चिरीमिरीला, कोर्टाच्या तारखांवर तारखांना ती वैतागलेली असतात. त्यातला थोडं वाचलेला माणूस पुढे कोरियाचं नाव घेतो. दाखवायला आपल्या आसपास पुरावेही आहेत. रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, रायगडात माणगावजवळ विळे-भागाडला पोस्को. पोस्को तर पार्कनंच 1968 साली उभी केलेली कंपनी. तेव्हा युक्तिवाद असा: एक खमक्या लष्करी माणूस आला, अठरा वर्षं कुणाला वर डोकं काढू दिलं नाही, आणि भिकेला लागलेला देश श्रीमंत झाला. थोडं स्वातंत्र्य गेलं तर गेलं.

हा युक्तिवाद हसून उडवून लावण्यासारखा नाही. त्याला उत्तर द्यायचं तर आधी त्या माणसानं जे केलं ते मान्य करायला हवं.

पार्कचा जन्म 1917 चा, गुमीजवळच्या एका गरीब शेतकरी घरातला. कोरिया तेव्हा जपानच्या ताब्यात. मास्तरकीचं शिक्षण घेऊन तो प्राथमिक शाळेत शिकवू लागला, पण ओढ तलवारीची. 1940 मध्ये मांचुरियात, म्हणजे चीनच्या ईशान्येकडच्या जपानच्या ताब्यातल्या मुलखात, जपान्यांच्या सैनिकी शाळेत गेला, पुढे टोकियोजवळच्या अकादमीत. ताकागी मासाओ हे त्याचं जपानी नाव. 1945 नंतर तो नव्या कोरियन सैन्यात आला. 1948 मध्ये येओसू शहरात डाव्या सैनिकांनी केलेल्या बंडानंतर सैन्यातले कम्युनिस्ट हुडकले जात होते, त्यात पार्कही पकडला गेला. साथीदारांची नावं सांगून त्यानं जीव वाचवला. जपानचा अधिकारी, मग कम्युनिस्टांच्या गोटातला, मग कडवा कम्युनिस्टविरोधी: या माणसाची खरी निष्ठा कशावर होती याचं एकच उत्तर मला सापडतं, ते म्हणजे शिस्तीच्या बळावर उभ्या राहिलेल्या राज्यावर. मांचुरियात त्यानं तसं राज्य डोळ्यांनी पाहिलं होतं.

16 मे 1961 च्या पहाटे साडेतीन हजारांच्या आसपास सैनिक हान नदीचा पूल ओलांडून सोलमध्ये शिरले. वर्षभरापूर्वीच विद्यार्थ्यांनी रस्त्यावर उतरून अध्यक्ष सिंगमन रींची राजवट घालवली होती, आणि लोकांनी निवडलेलं सरकार जेमतेम नऊ महिने चाललं होतं. ते संपलं. देशाची अवस्था खरोखर बिकट होती. माणशी वार्षिक उत्पन्न शंभर डॉलरच्या आत. गावाकडे वसंतात 'जवाचा चढ' म्हणत ते दिवस यायचे: कोठीतला भात संपलेला, शेतातलं जव अजून हिरवं, आणि मधले आठवडे झाडांच्या साली आणि रानातली मुळं खाऊन काढायचे. पार्कनं हा चढ लहानपणी स्वतः चढलेला होता. गरिबी हटवण्याची त्याची तळमळ खोटी नव्हती. त्याच्या टीकाकारांनी हे नाकारू नये.

मग त्यानं केलं काय? 1964 मध्ये देशाची निर्यात दहा कोटी डॉलरवर पोचली. 1977 मध्ये ती एक हजार कोटींवर गेली. सोल ते बुसान 428 किलोमीटरचा महामार्ग अडीच वर्षांत बांधून जुलै 1970 मध्ये खुला झाला. त्यात 77 कामगार मेले. पोहांगच्या पोलाद कारखान्याला, म्हणजे पोस्कोला, जागतिक बँक पैसे द्यायला तयार नव्हती, तरी 1973 मध्ये भट्टीतून पोलाद बाहेर पडलं. 1970 पासून 'सेमाउल' म्हणजे नवं गाव ही चळवळ: तेहतीस हजारांवर गावांना सिमेंटच्या प्रत्येकी 335 गोण्या दिल्या, तुमच्या गावाचं काय करायचं ते तुम्ही करा म्हणून. ज्यांनी काम करून दाखवलं त्यांना पुढच्या वर्षी आणखी सिमेंट आणि लोखंड, ज्यांनी गोण्या वाया घालवल्या त्यांना काही नाही.

या सिमेंटच्या गोण्यांतच पार्कच्या यशाचं मर्म आहे असं मला वाटतं. उद्योगपतींनाही त्यानं तीच पट्टी लावली. स्वस्त कर्ज हवं ना? मग निर्यातीचा आकडा दाखव. दर महिन्याच्या निर्यात बैठकीला तो स्वतः बसे. मंत्र्याचा मेहुणा असून भागत नसे. अमेरिकेतल्या दुकानदारानं तुमचा शर्ट विकत घेतला की नाही, यावर कर्ज ठरायचं. आता तो अमेरिकन दुकानदार पार्कला घाबरत होता का? त्याला तुरुंगात टाकता येत नव्हतं. माल वाईट असेल तर तो सरळ 'नको' म्हणायचा, आणि ते 'नको' पार्कला ऐकून घ्यावंच लागायचं. म्हणजे ज्या एका क्षेत्रात पार्क डोळ्यांत भरण्याइतका यशस्वी झाला, तिथे त्यानं आपल्या हुकमाबाहेरचा परीक्षक मान्य केला होता. यश त्या परीक्षेचं आहे. गणवेशाचं श्रेय त्यात किती, हे गणवेश तोच आणि परीक्षक नाही, अशा ठिकाणी पाहावं लागतं.

अशी ठिकाणं त्याच दशकात ढिगानं आहेत. पाकिस्तानात अयूब खान 1958 मध्ये आले, दहा वर्षांनी 'विकासाचं दशक' म्हणून त्यांनी उत्सव केला, आणि उत्सव चालू असतानाच लोक रस्त्यावर उतरले. 1969 मध्ये त्यांनी खुर्ची सोडली तीही दुसऱ्या जनरलच्या हाती. दोन वर्षांत देशाचे दोन तुकडे झाले. ब्रह्मदेशात ने विन 1962 मध्ये आले. भात निर्यात करणारा देश कंगाल झाला. काँगोत मोबुटू 1965 मध्ये आले आणि त्यांनी देश धुऊन नेला. सगळे लष्करी, सगळे शिस्तीच्या गप्पा मारणारे. 'मिल्ट्री आणा' म्हणणारा माणूस या सोडतीतून आपल्याला पार्कच मिळेल असं गृहीत धरतो.

आणि पार्कच्या हातात पडलेली पानंही बघायला हवीत. जमीनदारी त्याच्या आधीच मोडली होती. 1950 च्या जमीन सुधारणेत तीन हेक्टरची कमाल मर्यादा आली आणि कुळं मालक झाली. शाळाही आधीच पसरल्या होत्या. प्योंगह्वा बाजारात पोचलेली गावाकडची मुलगी बहुधा लिहिता-वाचता येणारी होती. जपाननं 1965 च्या करारात तीस कोटी डॉलर दिले आणि वीस कोटी कर्जाऊ. वसाहतीच्या काळात वेठीला धरलेल्या, मेलेल्या कोरियन माणसांचा हिशेब त्या पैशात होता, पण त्यांच्या वारसांच्या हाती फार थोडं पडलं. बाकीचं महामार्गात आणि पोहांगच्या भट्टीत गेलं. व्हिएतनामात तीन लाखांवर कोरियन सैनिक पाठवले, सुमारे पाच हजार परत आले नाहीत, बदल्यात अमेरिकेचे डॉलर आणि कंत्राटं आली. जर्मनीच्या कोळसा खाणींत तरुण गेले, इस्पितळांत नर्सेस गेल्या, घरी पैसे पाठवत राहिल्या. त्या साऱ्या आकड्यांच्या तळाशी शिलाईच्या माळ्यावरची ती मुलगी बसलेली आहे. सुरुवातीच्या त्या काळात निर्यात म्हणजे मुख्यतः कपडे, प्लायवूड आणि केसांचे टोप होते. जहाजं, मोटारी फार नंतर आल्या. जनरलनं देश उभा केला असं म्हणताना आपण या मुलीची मजुरी उचलून जनरलच्या खात्यावर टाकतो. मला सगळ्यात जास्त राग याचा येतो.

निर्यातीत परीक्षक मानणाऱ्या या माणसानं घरातल्या प्रत्येक परीक्षकाचं तोंड मात्र एकेक करून बंद केलं. आधी त्याला मतदार मान्य होता, नाइलाजानं का होईना. 1963 ची निवडणूक तो सुमारे दीड लाख मतांनी, म्हणजे काठावर जिंकला. दोनच कारकिर्दी असा राज्यघटनेत नियम होता. तो 1969 मध्ये बदलून घेतला. 1971 मध्ये किम दे-जुंग या तरुण विरोधी नेत्यानं सगळा सरकारी जोर विरुद्ध असताना 45 टक्के मतं खेचली. पार्क तो इशारा समजला, पण त्यावरचं त्याचं उत्तर होतं निवडणूकच काढून टाकणं. ऑक्टोबर 1972 मध्ये रणगाडे रस्त्यावर, संसद बरखास्त, आणि 'युशिन' नावाची नवी घटना. अध्यक्ष आता जनता निवडणार नाही, एका सभागृहात जमलेले प्रतिनिधी निवडतील; संसदेचा एक तृतीयांश अध्यक्ष नेमेल. 1978 मध्ये त्या सभागृहातल्या 2578 पैकी 2577 मतं पार्कला पडली. पंधराच महिन्यांत रस्ते पेटायला लागले. त्या 2577 मतांनी त्याला देशाबद्दल काहीच सांगितलं नव्हतं.

किम दे-जुंगना 1973 मध्ये टोकियोच्या हॉटेलातून गुप्तहेरांनी पळवून आणलं. थोडक्यात जीव वाचला. घटना बदला एवढं म्हणणं हाही गुन्हा झाला, शिक्षा पंधरा वर्षांपर्यंत. पोलीस पट्टी घेऊन मुलींचे स्कर्ट मोजत, मुलांचे लांब केस रस्त्यात कापत. शाळेत मास्तर डबे उघडून भातात पुरेसं जव मिसळलंय का ते बघत. 9 एप्रिल 1975 च्या पहाटे आठ माणसांना फाशी दिलं, सर्वोच्च न्यायालयानं शिक्षा कायम केल्यावर अठरा तासांच्या आत. आरोप असा की ते उत्तर कोरियाच्या सांगण्यावरून बंड करणार होते. कबुलीजबाब छळ करून घेतलेले होते. 2007 मध्ये फेरसुनावणी झाली आणि आठही जण निर्दोष ठरले. बत्तीस वर्षांनी.

ते 1975 साल आपल्यालाही ओळखीचं आहे. मे महिन्यात पार्कचा नववा आणीबाणी हुकूम निघाला, जूनमध्ये आपल्याकडे आणीबाणी आली. गाड्या वेळेवर धावतात, बाबू वेळेवर येतात, हे तेव्हा घराघरांत कौतुकानं बोललं गेलं. त्याच डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी अध्यक्षपदावरून, यशवंतराव चव्हाणांसारखे केंद्रीय मंत्री समोर असताना, आजारी जयप्रकाशांसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे त्यांना अटक झाली. पण आपली आणीबाणी एकवीस महिन्यांत मतपेटीपाशी येऊन संपली. कोरियात ती वाट पार्कनं बुजवून टाकली होती, म्हणून शेवट वेगळा झाला.

शेवट सुरू झाला तो पुन्हा कामगार मुलींपासूनच. ऑगस्ट 1979. केसांचे टोप बनवणारा एक कारखाना मालकानं बंद केला. दीडशेच्या वर मुली कामासाठी विरोधी पक्षाच्या कचेरीत जाऊन बसल्या. 11 ऑगस्टच्या रात्री दोनच्या सुमाराला पोलिसांनी दारं फोडली, मुलींना ओढत बाहेर काढलं, खासदारांनाही मारलं. विशी नुकतीच ओलांडलेली एक मुलगी त्यात गेली. विरोधी नेते किम यंग-साम यांनी आवाज उठवला, तर त्यांनाच संसदेतून काढलं. ते बुसानचे. 16 ऑक्टोबरला बुसान उठलं, मग मासान. विद्यार्थ्यांबरोबर दुकानदार, हॉटेलातले नोकर, गोदीतले कामगार.

गुप्तचर खात्याचा प्रमुख किम जे-ग्यु स्वतः बुसानला जाऊन आला. तो पार्कचा गाववाला, सैनिकी शाळेतला बरोबरीचा. त्यानं परत येऊन सांगितलं की हे चिथावलेले लोक नाहीत, साधी माणसं आहेत. पुढे न्यायालयात त्यानं जबाब दिला: पार्क म्हणाला, पुढच्या वेळी गोळीबाराचा हुकूम मी स्वतः देईन, आणि अंगरक्षकांचा प्रमुख चा जि-चॉल म्हणाला, कंबोडियात तीस लाख मारले तरी काही झालं नाही, आपण दहा-वीस लाख मारले तर काय होणार आहे. हा जबाब फाशीच्या छायेतल्या माणसाचा आहे, हे ध्यानात ठेवूनच तो वाचावा. पण अठरा वर्षांनंतर त्या खोलीत खरी बातमी सांगणारा एकच माणूस उरला होता, आणि त्याचं ऐकलं जात नव्हतं, एवढं नक्की. 26 ऑक्टोबरच्या रात्री, राष्ट्राध्यक्षांच्या निवासाजवळच्या बंगल्यात जेवण चालू असताना, किमनं पिस्तूल काढलं. आधी चा, मग पार्क.

पुढच्या वर्षी, 1980 मध्ये, देशाची अर्थव्यवस्था वाढायची सोडून आकसली. तेलाचे भाव, पिकाची नासाडी ही कारणं होतीच. पण पार्कनं युशिनच्या काळात कुणाला विचारल्याशिवाय अवजड उद्योगांत जो पैसा ओतला होता, त्याचाही भार होता. दुसरा जनरल, चुन दू-ह्वान, आला. मे 1980 मध्ये ग्वांगजूत त्यानं आपल्याच लोकांवर सैन्य घातलं. एक लष्करी अध्यक्ष मागे काय ठेवून जातो, तर दुसऱ्याला वाट. ती वाट बंद करायला कोरियन लोकांना 1987 पर्यंत रस्त्यावर लढावं लागलं. आणि ज्या कोरियाचे फोन, मोटारी आणि मालिका आपण आज घरात आणतो, तो बराचसा त्यानंतरचा कोरिया आहे. संप करता येणारा, सरकारवर सिनेमा काढता येणारा.

पार्कवर प्रेम करणारी माणसं तिथे आजही पुष्कळ आहेत. त्याची मुलगी 2013 मध्ये अध्यक्ष झाली ती बरीचशी त्याच प्रेमावर. 2017 मध्ये घटना न्यायालयानं तिला पदावरून दूर केलं. म्हाताऱ्या माणसांना मी दोष देत नाही. ज्यानं जवाचा चढ पोटानं अनुभवलाय त्याला भाताचं ताट दिसतं, आणि ते दिसायलाच हवं. त्यांना एवढंच विचारावंसं वाटतं: रविवारची सुट्टी दिली असती तर ते ताट रिकामं राहिलं असतं का? आठ तासांचा लिहिलेला कायदा पाळला असता, त्या आठ जणांना फाशी दिलं नसतं, 1971 नंतर आणखी एक निवडणूक होऊ दिली असती, तर पोहांगची भट्टी विझली असती का?

3 डिसेंबर 2024 च्या रात्री साडेदहाच्या सुमाराला अध्यक्ष युन सुक-योल यांनी टीव्हीवर येऊन लष्करी कायदा पुकारला. चुनच्या काळानंतर पहिल्यांदाच. हेलिकॉप्टरनं सैनिक संसदेच्या आवारात उतरले. पण लोक त्याआधी फाटकाशी पोचले होते. सदुसष्ट वर्षांचे सभापती कुंपणावरून चढून आत गेले. मध्यरात्रीनंतर तासाभरात 190 खासदारांनी मतदान केलं, 190 विरुद्ध शून्य, आणि पहाटे हुकूम मागे घ्यावा लागला. सैनिक परत निघाले. त्यातला एक, पूर्ण गणवेशात, चेहरा झाकलेला, जाता जाता थांबला आणि समोरच्या माणसांना पुन्हा पुन्हा कमरेत वाकून माफी मागत राहिला.